सारखं दिसतं, तरी सारखं नाही: स्ट्रिंगची तुलना आणि नल याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर पावसाळ्यात टीममध्ये नवी मुलं येतात आणि दिवाळीपर्यंत तेच ते प्रश्न आलटून पालटून विचारतात. चूक त्यांची नाही. ‘स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची माळ’ एवढं सांगून शिकवणारे पुढच्या धड्याकडे पळतात. तोंडी उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून ही लेखी. उदाहरणं बहुतेक जावातली आहेत, कारण माझं पोट त्यावर आहे. डेटाबेस, पायथन वगैरे वेगळं वागतात तिथे तसं सांगितलंय. कोडमधले शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलेत. टाइप करताना अर्थातच नेहमीचं रोमन स्पेलिंग.

प्र. दोन्ही स्ट्रिंगमध्ये अक्षर न् अक्षर तेच आहे, तरी == ‘फॉल्स’ का देतं?

कारण तुम्ही एक प्रश्न विचारलात आणि तुम्हाला उत्तर हवं होतं दुसऱ्याचं. जावात स्ट्रिंग ही वस्तू असते आणि व्हेरिएबलमध्ये असतो तिचा पत्ता. == फक्त पत्ते ताडून बघतं. एकाच सोसायटीतले दोन वन-बीएचके आतून हुबेहूब असतील, भिंतींचा रंगसुद्धा तोच असेल, पण एकाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही. ‘हे एकच घर आहे का?’ हा == चा प्रश्न. ‘आतलं सामान सारखं आहे का?’ हा इक्वल्स या पद्धतीचा (मेथडचा). स्ट्रिंगच्या बाबतीत आपल्याला जवळजवळ नेहमी दुसराच प्रश्न विचारायचा असतो.

प्र. पण माझ्या मशीनवर == ने बरोबर उत्तर येतं! मग?

इथेच खरी गोम आहे. == कायमच चुकलं असतं तर कोणी फसलंच नसतं. ते कधी कधी बरोबर येतं, आणि नेमकं टेस्टमध्ये येतं.

कोडमध्ये अवतरणचिन्हांत लिहिलेली स्ट्रिंग, म्हणजे लिटरल, जावा एका सामायिक साठ्यात ठेवतं. त्याला स्ट्रिंग पूल म्हणतात. तुम्ही दहा फायलींमध्ये "सातारा" लिहिलंत तरी वस्तू एकच राहते आणि दहाही ठिकाणी तिचाच पत्ता मिळतो. त्यामुळे लिटरलची लिटरलशी == ने तुलना केली तर ‘ट्रू’च येणार. "साता" + "रा" असं दोन लिटरल जोडून लिहिलंत तरीही ‘ट्रू’, कारण ही जोडणी कंपायलरच आधी करून टाकतो. पण त्यातला "रा" एखाद्या साध्या व्हेरिएबलमधून आला तर जोडणी प्रोग्राम चालताना होते, नवी वस्तू तयार होते आणि == ‘फॉल्स’ देतं. त्याच व्हेरिएबलला फायनल करून, म्हणजे पुन्हा बदलता येणार नाही असं जाहीर करून, लिटरलने भरलंत की पुन्हा ‘ट्रू’. फायनल हा एक शब्द जोडल्याने तुलनेचं उत्तर बदलतं, हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मलाही खरं वाटलं नव्हतं.

आमच्याकडे घडलेला प्रकार सांगतो. कुरिअरचा दर काढणाऱ्या कोडमध्ये कोणीतरी लिहिलं होतं: जर जिल्हा == "सातारा" तर अमुक दर, नाहीतर ‘इतर जिल्हे’. युनिट टेस्टमध्ये जिल्हा म्हणून "सातारा" हे लिटरलच दिलेलं, त्यामुळे टेस्ट हिरवीगार. प्रॉडक्शनला, म्हणजे खऱ्या वापरात, जिल्हा यायचा डेटाबेसमधून. डेटाबेसचा ड्रायव्हर प्रत्येक ओळीसाठी नवी स्ट्रिंग बनवतो, ती पूलमध्ये जात नाही. झालं, तीन दिवस सगळे सातारकर ‘इतर’ झाले. एक्सेप्शन (चूक दाखवून प्रोग्राम थांबणं) नाही, लॉगमध्ये लाल ओळ नाही, काही नाही. एका गिऱ्हाइकाने फोन केला म्हणून कळलं. मला विचाराल तर ही चूक नल पॉइंटरपेक्षा वाईट, कारण ती ओरडत नाही.

प्र. मग इंटर्न() करून सगळ्या स्ट्रिंग पूलमध्ये टाकल्या आणि == वापरलं तर?

चालेल, जोवर एक माणूस एका ठिकाणी इंटर्न करायला विसरत नाही तोवर. नका करू. इक्वल्स आधी पत्ता एकच आहे का ते स्वतःच बघतं आणि तसा असेल तर लगेच ‘ट्रू’ देऊन मोकळं होतं. तुम्ही वेगळं काही वाचवत नाही.

प्र. इक्वल्स लावलं, तर आता नल पॉइंटर एक्सेप्शन येतंय.

डाव्या बाजूचं व्हेरिएबल नल आहे, म्हणजे त्यात कुठल्याच वस्तूचा पत्ता नाही. जिल्हा.इक्वल्स("सातारा") म्हणजे ‘जिल्हा’ या वस्तूला काम सांगणं, आणि तिथे वस्तूच नाही. उजवीकडे नल असेल तर काही बिघडत नाही, इक्वल्स गुपचूप ‘फॉल्स’ देतं.

यावरचा जुना तोडगा म्हणजे उलटं लिहायचं: "सातारा".इक्वल्स(जिल्हा). लिटरल कधीच नल नसतं, त्यामुळे कोड फाटत नाही. वाचायला जरा विचित्र वाटतं, पण सवय होते. दुसरा तोडगा जावा ७ पासूनचा, म्हणजे २०११ पासूनचा: ऑब्जेक्ट्स.इक्वल्स(अ, ब). यात दोन्हीपैकी काहीही नल असलं तरी चालतं.

दोन्ही उपायांबद्दल माझी एक तक्रार आहे. एक्सेप्शन थांबलं म्हणजे प्रश्न सुटला असं नाही. जिल्हा नल असणं हे तुमच्या धंद्याच्या नियमात बसतं का, ते आधी ठरवा. पार्सलला जिल्हाच नसेल तर ते पार्सल जाणार कुठे? तिथे कोड फाटलेलाच बरा, आणि तोही लवकर. पद्धतीच्या पहिल्याच ओळीत ऑब्जेक्ट्स.रिक्वायरनॉननल लावा, म्हणजे नल घरात शिरण्याआधी दारातच पकडला जाईल.

प्र. ऑब्जेक्ट्स.इक्वल्स सरसकट वापरलं तर काही तोटा?

आहे, आणि तो फार कमी लोकांच्या लक्षात येतो. दोन्ही बाजू नल असतील तर ते ‘ट्रू’ देतं.

समजा ग्राहकांच्या यादीतून दुबार नोंदी शोधायच्या आहेत. मोबाइल नंबर सारखा असेल तर माणूस एकच, असा नियम ठरला. ज्यांनी नंबर दिलाच नाही त्यांचे रकाने नल. आता या सगळ्यांचे नंबर एकमेकांशी ‘सारखे’ ठरतात, आणि नंबर न देणारी गावोगावची सगळी माणसं एकाच खात्यात विलीन होतात. मोबाइल नसणं ही ओळख होऊ शकत नाही. पण हे तुम्हाला कळतं, जावाला नाही. गंमत म्हणजे हाच नियम एसक्यूएलमध्ये लिहिला असता तर उलट झालं असतं. त्याबद्दल खाली येतोच.

प्र. नल, रिकामी स्ट्रिंग आणि नुसती स्पेस यांत नेमका फरक काय?

परीक्षेचं उदाहरण घ्या. विद्यार्थी गैरहजर होता, त्याची उत्तरपत्रिकाच नाही: हे नल. आला, बसला, कोरी उत्तरपत्रिका देऊन गेला: ही रिकामी स्ट्रिंग, लांबी शून्य. उत्तरपत्रिकेवर नुसत्या रेघोट्या मारून गेला: ही स्पेसवाली स्ट्रिंग, लांबी शून्य नाही, पण मजकूरही नाही. निकालपत्रात गैरहजर आणि शून्य गुण वेगळे छापतात ना, तसंच.

जावात रिकामेपणा बघायला इझएम्प्टी() आहे. जावा ११ पासून इझब्लँक() आलं, ते नुसत्या स्पेसनाही रिकामं धरतं. पण दोन्ही नलवर चालवलीत तर फाटतात. सी शार्पमध्ये याची सोय बरी आहे, तिथे इझनलऑरव्हाइटस्पेस एका फटक्यात तिन्ही प्रकार बघतं.

प्र. हे नल मुळात आणलं कोणी?

टोनी होअर. तेच ते, ज्यांनी क्विकसॉर्ट शोधलं आणि ज्यांना १९८० साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेसाठी रेफरन्सची व्यवस्था आखताना त्यांनी नल रेफरन्स घातला. सगळे रेफरन्स पूर्ण सुरक्षित असावेत, तपासणी कंपायलरने करावी, हा मूळ हेतू होता. पण नल अमलात आणणं इतकं सोपं होतं की मोह आवरला नाही. २००९ मध्ये लंडनच्या एका परिषदेत त्यांनी स्वतःच याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. एवढ्या मोठ्या माणसाने जाहीरपणे चूक कबूल केली, याचं मला त्या चुकीपेक्षा जास्त अप्रूप वाटतं.

प्र. मी कोडमध्ये कुठेही नल लिहिलेलं नाही. मग आलं कुठून?

नल फारसं कोणी लिहीत नाही, ते आपसूक येतं. वस्तूच्या ज्या फील्डला किंमत दिली नाही ते नल. जेसनमध्ये जो रकाना आलाच नाही तो नल. मॅपमध्ये नसलेली चावी मागितली की गेट() नल देतं.

सगळ्यात चकवणारा प्रकार म्हणजे जिथे वस्तू दिसतच नाही तिथे येणारं एक्सेप्शन. ही ओळ बघा:

इंट दर = दरसूची.गेट("वाई");

यात टिंब एकच आहे आणि दरसूची नल नाही, हे तुम्ही तीनदा तपासता. तरी फाटतं. कारण सूचीत वाई नाही, गेट() ने नल दिलं, आणि इंटिजरच्या डबीतून (वस्तूतून) इंट, म्हणजे साधा आकडा, बाहेर काढताना जावाला डबीच मिळाली नाही. याला अनबॉक्सिंग म्हणतात. याचाच चुलतभाऊ प्रश्नचिन्हवाल्या टर्नरीत लपतो:

इंटिजर गुण = गैरहजर ? ० : नोंदवलेलेगुण;

इथे डावीकडे इंटिजर आहे, नोंदवलेलेगुण हाही इंटिजर, म्हणजे नल सुखाने इकडून तिकडे जायला हवं. पण मधला तो शून्य साधा इंट आहे. त्यामुळे अख्खी टर्नरी इंट होते, दुसरी बाजू अनबॉक्स होते आणि नोंदवलेलेगुण नल असले की फाटते. मी स्वतः यावर एक अख्खी दुपार घालवली आहे.

तिसरा प्रकार स्विचचा. स्ट्रिंगवर स्विच जावा ७ पासून करता येतो, पण ती स्ट्रिंग नल असेल तर डिफॉल्टकडे न जाता थेट एक्सेप्शन येतं. जावा २१ पासून ‘केस नल’ असं वेगळं लिहिता येतं.

प्र. एका ओळीत तीन टिंबं आहेत. यातलं नल नेमकं कुठलं?

ग्राहक.पत्ता().पिनकोड().ट्रिम() अशी आगगाडी आणि स्टॅक ट्रेसमध्ये (चूक कुठे झाली ते दाखवणाऱ्या यादीत) फक्त ओळीचा नंबर. पूर्वी अशा वेळी डबे सुटे करून एकेक बघावे लागायचे. जावा १४ मध्ये, २०२० साली, सुधारित संदेश आले आणि १५ पासून ते आपोआप चालू असतात. पिनकोड() ने नल परत दिल्यामुळे ट्रिम() बोलावता आलं नाही, असं आता स्वच्छ लिहून येतं. तुमचं प्रोजेक्ट अजून जावा ८ वर असेल तर अपग्रेडसाठी मॅनेजरशी भांडायला हे एक चांगलं कारण आहे.

प्र. ऑप्शनल वापरलं की सुटका?

अर्धी. ऑप्शनल म्हणजे आत वस्तू असेल किंवा नसेल अशी डबी. ‘इथे उत्तर नसूही शकतं’ हे पद्धतीच्या सहीतच (सिग्नेचरमध्येच) दिसतं, हा त्याचा खरा फायदा. पण ऑप्शनल.ऑफ(नल) फाटतं, तिथे ऑफनलेबल हवं. न तपासता गेट() मारलं तर एक्सेप्शनचं फक्त नाव बदलतं. आणि ऑप्शनल परत देणाऱ्या पद्धतीतून नल परत देणारा एक महाभाग मी पाहिला आहे. यादी परत द्यायची असेल तर ऑप्शनल नको, नलही नको, रिकामी यादी द्या.

प्र. ग्राहकाला ‘प्रिय नल’ असा एसएमएस गेला. दमयंतीचं नाव कुठे गेलं, असं साहेब विचारतायत.

जावात नल असलेली स्ट्रिंग दुसरीला + ने जोडली तर एक्सेप्शन येत नाही. नल हा चार रोमन अक्षरांचा शब्दच मजकुरात चिकटतो. स्ट्रिंग.व्हॅल्यूऑफ(वस्तू) सुद्धा तेच करतं. एसएमएसमध्ये निदान हसून सोडता येतं. हा शब्द डेटाबेसमध्ये जाऊन बसला की मात्र तो खऱ्या नावासारखा दिसायला लागतो आणि ‘इज नल’च्या शोधातही सापडत नाही.

उलट बाजूचा किस्सा अमेरिकेतला. कॅलिफोर्नियातल्या एका सुरक्षा-संशोधकाने गंमत म्हणून गाडीला नल अशीच नंबरप्लेट घेतली. ज्या पावत्यांवर गाडीचा नंबर भरायचा राहिला होता त्या सगळ्या त्याच्या नावावर यायला लागल्या. एकूण दंड १२ हजार डॉलरच्या वर. २०१९ मध्ये लास वेगासच्या डेफ कॉन परिषदेत त्याने स्वतः ही हकीकत सांगितली.

प्र. इंटिजरला == लावलं तर १२७ पर्यंत बरोबर, १२८ ला चूक. हे काय गौडबंगाल?

स्ट्रिंग पूलचंच भावंड. −१२८ ते १२७ पर्यंतच्या इंटिजर वस्तू जावा आधीच बनवून ठेवतं आणि आपोआप डबीत भरताना त्याच वापरतं. त्यापुढे दर वेळी नवी डबी मिळू शकते. छोट्या आकड्यांवर टेस्ट केली तर हे दिसणारच नाही. इथेही इक्वल्स.

प्र. लांबलचक स्ट्रिंगऐवजी त्यांचे हॅशकोड ताडून बघितले तर वेगाने होईल ना?

वेगाने चुकेल. जावाच्या स्ट्रिंगचा हॅशकोड म्हणजे आधीच्या बेरजेला ३१ ने गुणायचं, पुढच्या अक्षराचा क्रमांक मिळवायचा आणि असंच पुढे जात राहायचं. ‘जा’ घ्या. ज चा क्रमांक २३३२, काना २३६६. २३३२ × ३१ + २३६६ = ७४६५८. आता ‘झट’ घ्या. झ २३३३, ट २३३५. २३३३ × ३१ + २३३५ = ७४६५८. दोघांचा हॅशकोड एकच. पी आणि फड यांचंही तसंच, कागद घेऊन करून बघा. हॅशकोड वेगळे असतील तर स्ट्रिंग नक्की वेगळ्या. हॅशकोड सारखे असले तर त्यावरून काहीच कळत नाही.

प्र. इक्वल्स लावलं, नल नाही, स्पेस नाही. स्क्रीनवर दोन्हीकडे कऱ्हाड दिसतंय. तरी ‘फॉल्स’!

हा आपला घरचा प्रश्न, म्हणून सविस्तर लिहितो.

एका प्रोजेक्टमध्ये सभासदांची जुनी यादी जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणली होती. नवीन नोंदी लोक मोबाइलवरून भरायचे. शोधपट्टीत कऱ्हाड टाकलं की फक्त नवे सभासद दिसायचे. पुणे टाकलं की सगळे. सांगली टाकलं तरी सगळे. आम्ही दोन दिवस इंडेक्सला शिव्या दिल्या. शेवटी एकाने दोन्ही शब्दांची लांबी छापली: एक सहा, एक सात.

मराठीतला तो अर्धा र, दुसऱ्या, वाऱ्यावर, कुऱ्हाड, तऱ्हा या शब्दांमधला, युनिकोडमध्ये एकाहून जास्त प्रकारे लिहिता येतो. पहिला प्रकार: ऱ हे स्वतंत्र अक्षर, कोड ०९३१, त्यापुढे हलन्त ०९४डी, मग ह. दुसरा: साधा र ०९३०, हलन्त, त्यापुढे न दिसणारा जोडक २००डी, मग ह. तिसरा क्वचित दिसतो: साधा र, त्याखाली नुक्ता ०९३सी, मग हलन्त आणि ह. कऱ्हाड आणि कर्‍हाड बहुतेक फॉन्टमध्ये डोळ्यांना एकच, पण इक्वल्सला वेगळे.

तुम्ही म्हणाल, नॉर्मलाइझ करा, म्हणजे सगळे प्रकार एका ठरलेल्या रूपात आणा. केलं. जावाच्या नॉर्मलायझरमधून एनएफसी हे रूप काढलं की तिसरा प्रकार पहिल्यात बदलतो, कारण र अधिक नुक्ता आणि ऱ हे युनिकोडच्या दृष्टीने एकच. दुसरा मात्र हलत नाही. जोडकवाली पद्धत युनिकोडने जुन्या मजकुराच्या सोयीसाठी चालू ठेवली आहे, पण ती पहिल्या पद्धतीशी ‘समान’ आहे असं कुठेही म्हटलेलं नाही. म्हणून तो बदल हाताने करावा लागतो: र, हलन्त, जोडक हे तिघे एका रांगेत दिसले की त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त. हे काम डेटा आत येतानाच करा आणि शोधपट्टीतल्या मजकुरावरही तेच करा. एकाच बाजूला केलंत तर प्रश्न फक्त उलटा होतो.

ॲ चंही असंच दुखणं. ॲप, ॲड. यांमधला तो पहिला ॲ. त्याला स्वतंत्र कोड, ०९७२, युनिकोड ५.१ मध्ये म्हणजे २००८ साली मिळाला. त्याआधी आणि त्यानंतरही पुष्कळांनी अ वर चंद्र देऊन अॅ लिहिलं. इथेही एनएफसी मदत करत नाही, बदल हातानेच. आणि बॅंक की बँक, हा तर कोडचा नाहीच, शुद्धलेखनाचा वाद आहे. त्यात इक्वल्सला ओढू नका.

प्र. एक्सेलमधून आलेली नावं जुळत नाहीत. ट्रिम() केलं, स्ट्रिप() पण केलं.

बहुधा न तुटणारी स्पेस आहे, वेब पानांवरून आणि वर्डमधून कॉपी केली की सोबत येते. ट्रिम() फक्त साध्या स्पेसपर्यंतचे कोड कापतं. जावा ११ चं स्ट्रिप() युनिकोडच्या बाकीच्या स्पेस ओळखतं, पण न तुटणारी स्पेस तेही मुद्दाम वगळतं. ती नाव घेऊनच बदलावी लागते.

फक्त पहिलाच रकाना सापडत नसेल, बाकीचे सगळे सापडत असतील, तर फाइलच्या अगदी सुरुवातीला न दिसणारी बीओएम खूण आहे का बघा. एक्सेल युटीएफ-८ मध्ये सीएसव्ही साठवताना ती घालतं आणि ती पहिल्या मथळ्याला चिकटते.

प्र. आकडे देवनागरीत आले तर?

जावाचं पार्सइंट आणि पायथनचं इंट ‘१२’ हे बारा म्हणून सुखाने वाचतात. जावास्क्रिप्टचं नंबर() वाचत नाही, ‘हा आकडा नाही’ असं उत्तर देतं. म्हणजे तोच फॉर्म ब्राउझरमध्ये नापास आणि सर्व्हरवर पास होऊ शकतो. स्ट्रिंग म्हणून ताडलंत तर देवनागरी बारा आणि रोमन बारा अर्थातच वेगळे. आणि लिपी कुठलीही असो, स्ट्रिंग म्हणून क्रम लावला की ‘१००’ हा ‘९’ च्या आधी येतो, कारण तुलना पहिल्या अक्षरापासून होते. घर नंबर, रोल नंबर, वॉर्ड नंबर यांच्या याद्या यामुळेच उलट्यापालट्या दिसतात.

शब्दांच्या क्रमाचंही तेच. कंपेअरटू युनिकोडच्या क्रमाने जातं, तिथे ळ हा व च्या आधी आहे. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. मराठी यादी लावायची असेल तर मराठी लोकेलचा कॉलेटर (भाषेच्या नियमाने क्रम लावणारी सोय) वापरा.

प्र. मराठीत कॅपिटल-स्मॉल नाही, म्हणजे ती कटकट आपल्याला नाही ना?

ईमेल, कोड, फाइलची नावं रोमनमध्येच असतात, त्यामुळे आहे. टोलोअरकेस() मशीनची भाषा बघून वागतं. तुर्की भाषेत बिंदूवाला आय आणि बिनबिंदूचा आय ही दोन वेगळी अक्षरं आहेत, आणि कॅपिटल आयचं स्मॉल रूप तिथे बिनबिंदूचं होतं. तुर्की सेटिंगच्या सर्व्हरवर कॅपिटलमधलं ‘फाइल’ स्मॉल केलं तर ते तुमच्या कोडमधल्या ‘फाइल’शी जुळत नाही. कोडच्या आतल्या कामासाठी लोकेल.रूट द्या किंवा इक्वल्सइग्नोरकेस वापरा.

दुसरी कटकट डेटाबेसशी. मायएसक्यूएलची नेहमीची तुलना कॅपिटल-स्मॉल एकच धरते, जावाचं इक्वल्स धरत नाही. त्यामुळे जावाच्या सेटमध्ये दोन वेगळे ठरलेले ईमेल डेटाबेसमध्ये टाकताना ‘दुबार’ म्हणून परत येतात.

प्र. एसक्यूएलमध्ये ‘मधलेनाव = नल’ लिहिलं, एकही ओळ येत नाही.

येणारच नाही. एसक्यूएलमध्ये नल म्हणजे ‘माहीत नाही’. माहीत नसलेलं हे माहीत नसलेल्याच्या बरोबर आहे का? तर तेही माहीत नाही. उत्तर ‘ट्रू’ नाही, ‘फॉल्स’ही नाही, तिसरंच, आणि व्हेअरमधून फक्त ‘ट्रू’ ओळी पार होतात. म्हणून ‘इज नल’ लिहायचं. जावात नल नलच्या बरोबर, एसक्यूएलमध्ये नाही. वरच्या मोबाइल नंबरवाल्या भानगडीत एसक्यूएलने कोणालाच विलीन केलं नसतं.

याची दोन पिल्लं रोज चावतात. ‘जिल्हा <> पुणे’ असं विचारलंत तर ज्यांचा जिल्हा नल आहे ते येत नाहीत. ‘पुणे सोडून सगळे’ अशा यादीत ते कुठेच दिसत नाहीत आणि बेरीज जुळत नाही.

दुसरं पिल्लू जास्त विषारी. फी न भरलेल्या मुलांची यादी हवी, म्हणून लिहिलं: ज्यांचा रोल नंबर ‘फी’ टेबलातल्या रोल नंबरांच्या ‘नॉट इन’ आहे ते. फी टेबलात एकच पावती अशी निघाली, जिच्यावर रोल नंबर टाकायचा राहिला होता. यादी रिकामी! सगळ्यांनी फी भरली म्हणून ऑफिस खूश. आत काय होतं ते बघा. ‘नॉट इन’ म्हणजे पहिल्यापेक्षा वेगळा आणि दुसऱ्यापेक्षा वेगळा आणि नलपेक्षा वेगळा. शेवटच्याचं उत्तर ‘माहीत नाही’, त्यामुळे ही साखळी कोणासाठीही ‘ट्रू’ होत नाही. इथे ‘नॉट एक्झिस्ट्स’ लिहा.

ओरॅकल वापरत असाल तर आणखी एक लक्षात ठेवा: तिथे रिकामी स्ट्रिंग म्हणजेच नल. कोरी उत्तरपत्रिका आणि गैरहजर एकाच खणात.

प्र. पायथन, जावास्क्रिप्ट, सी शार्पमध्ये काय?

पायथनमध्ये == आतलं सामान बघतं आणि ‘इज’ पत्ता बघतं. स्ट्रिंगला ‘इज’ लावणं म्हणजे जावाचंच दुखणं, ३.८ पासून लिटरलशी ‘इज’ केलं तर तो इशारा देतो. फक्त ‘नन’साठी, म्हणजे पायथनच्या नलसाठी, ‘इज’ योग्य. जावास्क्रिप्टमध्ये तीन बरोबरच्या खुणा वापरा. दोनवाल्याला रिकामी स्ट्रिंग आणि शून्य सारखे वाटतात. तिथे नल शून्याच्या बरोबर नाही, शून्यापेक्षा मोठा नाही, पण ‘मोठा किंवा बरोबर’ मात्र आहे. सी शार्पमध्ये स्ट्रिंगचं == आतलं सामान बघतं, पण व्हेरिएबल ‘ऑब्जेक्ट’ म्हणून जाहीर केलं असेल तर गुपचूप पत्त्यावर जातं.

प्र. कोटलिन घेतलं की नल पॉइंटर एक्सेप्शन संपतात, खरं का?

पुष्कळ कमी होतात. कोटलिन म्हणजे जावाच्या लायब्ररी वापरू शकणारी वेगळी भाषा. तिथे साधी स्ट्रिंग नल होऊच शकत नाही; नल चालणार असेल तर प्रकाराच्या पुढे प्रश्नचिन्ह लावावं लागतं आणि मग न तपासता वापरली तर कंपायलर अडवतो. == सुद्धा तिथे इक्वल्सच करतं, पत्त्यासाठी वेगळ्या तीन खुणा आहेत. पण जावाच्या लायब्ररीतून आलेल्या वस्तूबद्दल कोटलिनला खात्री नसते, तिथे तो तुमच्यावर सोडतो. आणि दोन उद्गारचिन्हं लावली की ‘हे नल नाही, मी जबाबदार’ असं सांगता येतं. आमच्याकडच्या एका पोराने पहिल्याच आठवड्यात एका फाइलमध्ये बारा ठिकाणी ती लावली होती. का रे, विचारलं, तर म्हणाला, “सर, लाल रेघ जात होती.”